घरच्या कॅसेटमधलं पारायण अध्यायवार ऑडिओबुकमध्ये कसं आणावं

आजोबांनी १९८०च्या दशकात ज्ञानेश्वरी वाचून टेप केली होती. नव्वद मिनिटांच्या बावीस कॅसेट, वर निळ्या शाईत फक्त आकडे. पाच-सहा वर्षांपूर्वी मी त्या एमपी३ केल्या आणि पेनड्राइव्हमध्ये घालून आत्याला दिल्या. आठवड्याने तिचा फोन आला, "सगळं आहे रे यात, पण नववा अध्याय कुठे आहे?" चव्वेचाळीस फायलींपैकी नववा कुठल्या फायलीत, किती मिनिटांवर सुरू होतो, हे मलाही सांगता येईना. एकदा थांबवलं की पुन्हा कुठून लावायचं हेही तिला कळत नव्हतं.

या दोन्ही अडचणींना एकच उपाय आहे, एम४बी फाइल. आतून ती साधी एम४ए फाइलच असते, म्हणजे एएसी पद्धतीने दाबून लहान केलेला आवाज. पण नावामागचं हे शेपूट (.m4b) पाहिलं की प्लेअर तिला गाणं न समजता पुस्तक समजतो आणि थांबलेली जागा लक्षात ठेवतो. आणि फाइलच्या पोटात प्रकरणांची यादी ठेवता येते. नुसतं नाव बदलून मात्र यादी येत नाही. एमपी३चं नाव बदलून एम४बी केलं तर ती एम४बी होतही नाही.

आधी कॅसेट

कॅसेट लगेच वाजवू नका. वरच्या कडेचे प्लास्टिकचे दोन दात तोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी जुना आवाज पुसला जाणार नाही. पट्टीवर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट बाजूला ठेवा, नाहीतर बुरशी टेपच्या हेडला (पट्टीवरचा आवाज वाचणाऱ्या भागाला) लागून पुढच्या कॅसेटवर जाते. पट्टीमागचा फेल्टचा छोटा तुकडा जागेवर आहे ना तेही बघा. तो गळून पडला असेल तर आवाज बोदा येतो आणि आपण उगाच टेपला दोष देत बसतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने हेड पुसा. मग कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळा. वर्षानुवर्षं एकमेकांना चिकटून बसलेले थर सुटतात.

लॅपटॉपमध्ये उतरवणं

टेपला 'लाइन आउट' (आवाज बाहेर देणारं भोक) असेल तर तिथून वायर घ्या, नसेल तर हेडफोनच्या भोकातून. आजकालच्या बहुतेक लॅपटॉपला 'लाइन इन' नसतं. त्यांचं एकुलतं भोक हेडफोन आणि माइकसाठी असतं आणि त्यात टेपचा आवाज फाटतो. लाइन इन असलेला छोटा यूएसबी अडॅप्टर घ्या.

सॉफ्टवेअर म्हणून ऑडॅसिटी पुरते, आणि ती फुकट आहे. एकट्या माणसाच्या वाचनाला स्टिरिओची गरज नाही. मोनो आणि ४४,१०० हर्ट्झ ठेवा. आवाजाची पट्टी सर्वांत मोठ्या शब्दालाही उणे ६ डेसिबलच्या आसपास थांबली पाहिजे. शून्याला टेकली की आवाज फाटला, आणि फाटलेला आवाज नंतर नीट करता येत नाही. पहिली पाच मिनिटं चाचणीसाठी वाया घालवा.

कॅसेटची एक बाजू म्हणजे एक फाइल. नावं ०१-अ, ०१-ब, ०२-अ अशी द्या. पुढचं शून्य विसरलात तर क्रमवारीत १० हा २च्या आधी येऊन बसतो. फाइल फ्लॅक या प्रकारात साठवा. आवाजाची काही हानी होत नाही आणि न दाबलेल्या वेव्ह फाइलपेक्षा जागा बरीच कमी लागते. हा मूळ संच वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि पुढचं सगळं काम त्याच्या नकलेवर करा.

या पायरीला घाई चालत नाही. नव्वद मिनिटांची कॅसेट उतरायला नव्वद मिनिटंच लागतात. मी रोज संध्याकाळी एक या हिशेबाने तीन आठवडे घेतले.

खरखर किती काढावी

इथे हात आवरा. 'नॉइज रिडक्शन'मध्ये आधी नुसत्या खरखरीचे एक-दोन सेकंद निवडून नमुना घ्यायचा आणि मग संपूर्ण फाइलवर तो लावायचा. मी पहिल्यांदा उत्साहात २४ डेसिबल लावले. खरखर गेली, पण आजोबा विहिरीतून बोलल्यासारखे वाटायला लागले. शेवटी ६ वर आलो. बारीक सूं राहते, पण दोन मिनिटांत कान तिला विसरतो. विजेच्या वायरीची घरघर आपल्याकडे ५० हर्ट्झवर असते; ८० हर्ट्झचा 'हाय पास फिल्टर' (त्याखालचे आवाज अडवणारी चाळणी) लावला की ती बरीच बसते. मग 'लाऊडनेस नॉर्मलायझेशन'मध्ये सगळ्या बाजूंना एकच आकडा द्या. मी उणे १८ दिला. नाहीतर एका कॅसेटला आवाज वाढवायचा, पुढचीला दचकायचं, असं होतं.

आजोबांचं खोकणं मी काढलं नाही. नवव्यात एके ठिकाणी बाहेरून भांड्यांचा आवाज येतो, तोही ठेवला. आत्याला तो ऐकवल्यावर ती म्हणाली, "आई आहे ती."

प्रकरणांच्या खुणा

खरं काम हेच. कॅसेटची बाजू पंचेचाळीस मिनिटांनी संपते, अध्याय त्याच्या जागी संपतो. आमच्याकडे चौथा अध्याय मध्येच तुटून पुढच्या बाजूवर गेला होता, आणि बाजू उलटल्यावर आजोबांनी आधीची अर्धी ओवी पुन्हा म्हटली होती. म्हणून आधी बाजू जोडून घ्या. सगळ्या फायली ऑडॅसिटीत आणा, 'ट्रॅक्स'मधून 'अलाइन एंड टू एंड' करा, मग 'मिक्स अँड रेंडर'. जोडाच्या ठिकाणी कोऱ्या पट्टीचे चार-पाच सेकंद आणि दुबार आलेली ओवी कापून टाका.

शांततेवरून प्रकरणं आपोआप शोधण्याची सोय ऑडॅसिटीत आहे. व्याख्यानाला ती चालेल. पोथी वाचणारा माणूस ओवीओवीला श्वास घेतो, तिथे ती शेकडो खुणा करून ठेवते. स्वतःच ऐका. सगळं ऐकायची गरज नाही. अध्याय संपल्यावर वाचणारा जरा जास्त थांबतो आणि ती पोकळी आलेखात डोळ्यांना दिसते. तिथे उडी मारा आणि कानाने खात्री करून घ्या. जागा सापडली की कंट्रोल आणि बी दाबून लेबल टाका. आवाज चालू असताना टाकायचं असेल तर कंट्रोल आणि एम. खूण पहिल्या शब्दाच्या अर्धा सेकंद अलीकडे हवी, म्हणजे पहिलं अक्षर गिळलं जात नाही. नाव मराठीत आणि पूर्ण लिहा: '०९ अध्याय नववा'.

अध्यायांची लांबी सारखी नसते. बाराव्यात अडीचशेच्या आसपास ओव्या आहेत, अठराव्यात अठराशेच्या घरात. अठरावा एकच प्रकरण ठेवला तर आत्याची मूळ तक्रार तशीच राहते. त्यात मी दर दोनशे ओव्यांनी खूण केली. कथासंग्रह असेल तर कथेगणिक एक खूण पुरते. व्याख्यान असेल तर विषय बदलतो तिथे करा, दर दहा मिनिटांनी नको.

सगळं मिळून एकोणतीस तास झाले. इतकी लांब एकच फाइल करू नका. काही जुने प्लेअर तेरा-साडेतेरा तासांपुढे अडखळतात. मी तीन खंड केले: एक ते नऊ, दहा ते पंधरा, सोळा ते अठरा. ओव्यांच्या हिशेबाने हे बऱ्यापैकी सारखे भाग पडतात.

एम४बी बांधणं

एक्स्पोर्टच्या खिडकीत 'मल्टिपल फाइल्स' निवडा आणि विभागणी 'लेबल्स'वरून करायला सांगा. प्रत्येक खुणेची वेगळी फाइल, तिच्या नावासकट, तयार होते. पुढे 'ऑडिओबुककन्व्हर्टर' हे फुकट सॉफ्टवेअर वापरा. फायली क्रमाने आत ओढा; एक फाइल म्हणजे एक प्रकरण असं ते धरतं. नावं तपासा, चौकोनी चित्र लावा (मी पोथीच्या वेष्टनाचा फोटो लावला), 'नॅरेटर'च्या रकान्यात वाचणाऱ्याचं नाव लिहा. एएसी, मोनो, ६४ केबीपीएस (सेकंदाला किती माहिती साठवायची ते माप) ठेवलं तर तासाला सुमारे २९ एमबी होतात, म्हणजे एकोणतीस तासांचे साडेआठशे एमबीच्या आत. बोलण्याला याहून जास्त दर दिला तर फक्त जागा जाते.

काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करायची सवय असेल तर एफएफएमपेग या फुकट साधनानेही हे होतं. त्यात प्रत्येक प्रकरणाची सुरुवात आणि शेवट एका साध्या मजकूर फायलीत लिहायचा असतो, बहुधा मिलिसेकंदांत. ऑडॅसिटी लेबलांची वेळ सेकंदांत देते, हजाराने गुणायला विसरू नका. विसरलात तर खंडातले सगळे अध्याय पहिल्या मिनिटातच संपतात.

फोनवर

व्हॉट्सॲपने पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. दोन जीबीपर्यंतची फाइल जाते. अँड्रॉइडवर 'व्हॉइस' किंवा 'स्मार्ट ऑडिओबुक प्लेअर', आयफोनवर 'बुकप्लेअर' घ्या. नेहमीच्या गाण्यांच्या ॲपमध्ये प्रकरणांची यादी बहुतेक वेळा दिसतच नाही, आणि मग फाइल बिघडली असं वाटतं. गल्लत नको म्हणून एक सांगतो: हे घरच्या आवाजाचं झालं. दुकानातून विकत घेतलेल्या कॅसेटवर कंपनीचा हक्क असतो, भारतात प्रकाशनानंतर साठ वर्षं. ती इंटरनेटवर चढवू नका.

देण्याआधी फोनवर एकेका प्रकरणावर बोट ठेवून पहिले दहा सेकंद ऐका. माझ्याकडे तेराव्याचं नाव दोनदा पडलं होतं आणि चौदावा गायब होता. फ्लॅकचा संच आणि लेबलांची फाइल जपून ठेवलेली होती, त्यामुळे फक्त शेवटची पायरी पुन्हा करावी लागली, वीस मिनिटांत झालं. तो संच आता दोन वेगळ्या डिस्कवर आहे, एक माझ्याकडे आणि एक आत्याच्या कपाटात, पोथीशेजारी.