पुण्यात भाड्याचं घर: आधी शेजार बघा
एजंट दुपारी घर दाखवतो, तेव्हा सोसायटी झोपलेली असते. संध्याकाळी ७ ला पुन्हा एकट्याने जा. पार्किंगमध्ये मुलं खेळतायत का, बाकावर आजी-आजोबा गप्पा मारतायत का, बघा. वॉचमनला विचारा: पाणी किती वाजता, उन्हाळ्यात टँकर किती? नोटीस बोर्ड वाचाच. ‘रात्री १० नंतर पाहुण्यांना बंदी’ दिसलं की चपला घाला नि निघा. मांसाहार, एकटं राहणं हे टोकन (घर पक्कं करायची आगाऊ रक्कम) देण्याआधीच बोलून घ्या. नंतर फिसकटलं तर टोकन परत मिळवताना नाकी नऊ येतात. करार ११ महिन्यांचा असला तरी नोंदवावाच लागतो (महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, कलम ५५), आणि ती जबाबदारी घरमालकाची.