उपाशी कुत्र्याला आधी पेज नको

पावसाळ्यात शॅक (किनाऱ्यावरची तात्पुरती हॉटेलं) बंद झाले की किनाऱ्यावर बरगड्या मोजता येतील अशी कुत्री सापडतात. दयेपोटी टोपभर पेज किंवा हुमण-भात (माशांची आमटी नि भात) वाढू नका. पिष्टामुळे इन्शुलिन एकदम वाढतं, रक्तातलं फॉस्फरस-पोटॅशियम पेशींत ओढलं जातं आणि कुत्रं खाऊनच दगावू शकतं. 10 किलोच्या कुत्र्याला पहिल्या दिवशी साधारण 100 कॅलरी पुरे: एक उकडलेलं अंडं नि 15-20 ग्रॅम बिनमिठाचं शिजवलेलं चिकन, चार-पाच वेळा विभागून. दुसऱ्या दिवशी पहिल्याच्या दुप्पट, तिसऱ्या दिवशी पहिल्याच्या तिप्पट, चौथ्या दिवशी 400 कॅलरी. त्याची नजर काहीही सांगो, जास्त नाही! पहिल्या पाच दिवसांत लटपटणं, थरथर किंवा झटके दिसले तर लगेच पशुवैद्य गाठा, फॉस्फरस तपासायला सांगा. गोचिडी-जंतांचं औषधही त्यांनाच विचारून.