लॅपटॉप आत्ता घ्यायचा की नव्या प्रोसेसरसाठी थांबायचं?

‘अजून तीन महिने थांब, नवीन प्रोसेसर येतोय’ हा सल्ला कधीच खोटा ठरत नाही, कारण नवीन प्रोसेसर कायमच येत असतो. इंटेल आणि एएमडी दर जानेवारीत लास वेगासच्या सीईएस प्रदर्शनात काही ना काही जाहीर करतात, वर्षाच्या मध्यावर तैपेईत कंप्युटेक्स भरतं, ॲपलचं वेळापत्रक आणखी वेगळं. या सल्ल्याच्या नादी लागलात तर खरेदीचा मुहूर्त निघायचाच नाही. सल्ला देणाऱ्याचं यात काही जात नाही. रखडत चालणाऱ्या मशीनवर प्रोजेक्ट करणाऱ्या पोराचं जातं. बारावीचे निकाल लागले की नात्यागोत्यातले फोन माझ्याकडे सुरू होतात. तेव्हा मी ज्या क्रमाने ठरवतो, तोच क्रम इथे देतोय.

१. घोडं नेमकं कुठे अडलंय?

लॅपटॉप रडायला लागला की कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्सवर जा. सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, पंचवीस-तीस टक्क्यांवर निवांत आणि मेमरी नव्वदच्या वर असेल, तर रॅम, म्हणजे हीच मेमरी, कमी पडतेय. डिस्क सारखी शंभरवर असेल तर आत बहुधा जुनी हार्ड डिस्क आहे, तिच्या जागी एसएसडी, म्हणजे कितीतरी वेगवान डिस्क, टाका आणि पुढचा लेख वाचू नका. तुमच्या रोजच्या कामात सीपीयूच शंभरवर अडकत असेल, तरच प्रोसेसरची चर्चा करण्यात अर्थ आहे. एक अपवाद: इंटेलच्या सातव्या पिढीचं किंवा त्याआधीचं मशीन. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ही मशीनं, एखाददुसरं वगळता, विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाहीत. तिथे थांबण्याचा प्रश्नच येत नाही.

२. बजेट ठरवा

एकच आकडा. ‘पन्नास ते ऐंशी’ हे बजेट नव्हे.

३. जो येतोय तो खरंच नवा आहे का?

सगळ्यात जास्त लोक इथे फसतात, आणि दुकानदाराला हेच हवं असतं. ही नावं डोक्यात बसायला मलाही बराच वेळ लागला, म्हणून जरा सावकाश सांगतो.

एएमडीची ७००० मालिका घ्या. पहिला आकडा फक्त वर्ष सांगतो: ७ म्हणजे २०२३ ची यादी. चिपच्या आत काय दडलंय ते तिसरा आकडा सांगतो. रायझेन ५ ७५२०यू मध्ये तिसरा आकडा २, म्हणजे झेन २ (झेन हे एएमडीच्या चिपच्या आतल्या रचनेचं नाव). ही रचना २०१९ ची आहे. ७५३०यू म्हणजे झेन ३, ७५४०यू म्हणजे झेन ४. कागदावर दहा-दहाचा फरक, आत मात्र पिढ्यांचं अंतर. दुकानातल्या स्टिकरवर तिघांचंही नाव ‘रायझेन ५’ एवढंच. गंमत पुढेच आहे. याच झेन २ च्या चिपला एएमडीने २०२५ मध्ये ‘रायझेन ५ ४०’ असं ताजं नाव दिलं. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. ‘नवीन मालिका येऊ दे’ म्हणून थांबलेल्या माणसाच्या पदरात हेच पडू शकतं.

इंटेलही काही कमी नाही. ‘आय’ हे अक्षर गळून ‘कोअर ५’, ‘कोअर ७’ अशी नावं आली, तेव्हा अनेकांना वाटलं की सगळंच बदललं. पण कोअर ५ १२०यू मध्ये तेराव्या पिढीतल्या आय५ १३३५यू सारखेच दोन मोठे आणि आठ छोटे कोअर, म्हणजे चिपमधले प्रत्यक्ष काम उपसणारे भाग, आहेत, रचनाही तीच. नवी रचना होती ती ‘अल्ट्रा’ नावाच्या चिपमध्ये. आणि अल्ट्रा लिहिलं म्हणजे सगळं सारखं, असंही समजू नका. अल्ट्रा ५ २२५यू, २२५एच आणि २२६व्ही हे तीन चुलत भाऊ वाटतात, पण शेवटचं अक्षर सगळा खेळ बदलतं. ‘व्ही’ म्हणजे सप्टेंबर २०२४ ची लूनर लेक (हे तिचं कोड नेम, म्हणजे कंपनीने रचनेला दिलेलं नाव): बॅटरीला उत्तम, ग्राफिक्सही चांगलं, पण रॅम चिपच्याच पॅकेजवर असल्यामुळे पुढे वाढवता येत नाही. ‘एच’ जास्त वीज खातो आणि सलग जड काम उपसतो. ‘यू’ हा साध्या ऑफिसच्या कामाचा.

म्हणून माझा नियम असा: मार्केटिंगचं नाव विसरा, पूर्ण मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरासकट लिहून घ्या आणि इंटेल किंवा एएमडीच्या साइटवरच्या त्या चिपच्या पानावर कोड नेम आणि कोअरची संख्या बघा. आत्ता मिळणाऱ्या चिपचं आणि येणाऱ्या चिपचं कोड नेम एकाच घराण्यातलं असेल, नावापुढे फक्त ‘रिफ्रेश’ लागलेलं असेल, तर थांबून हाती फारसं काही लागत नाही. सीईएस २०२६ मधलंच बघा. इंटेलची पँथर लेक ही खरोखर नवी रचना, कंपनीच्या १८ए या चिप घडवण्याच्या प्रक्रियेवर बनलेली. एएमडीची रायझेन एआय ४०० मालिका मात्र बहुतांशी आधीच्या ३०० चीच सुधारलेली आवृत्ती. घोषणा एकाच आठवड्यातल्या, पण ३०० चं मॉडेल सवलतीत मिळत असताना ४०० साठी थांबा असं मी कुणालाही सांगणार नाही.

‘एआय पीसी’च्या स्टिकरबद्दलही एक वाक्य. मायक्रोसॉफ्टच्या कोपायलट प्लस लेबलला ४० टॉप्सचा एनपीयू लागतो (एनपीयू म्हणजे चिपमधला एआयच्या कामाचा भाग, टॉप्स हे त्याच्या वेगाचं माप), आणि वर सांगितलेल्या अल्ट्राच्या तिघांपैकी तो फक्त ‘व्ही’मध्ये आहे. तुमचं एआयचं काम ब्राउझरमध्ये चालत असेल, तर हा आकडा तुमच्या काही उपयोगाचा नाही.

४. नवा प्रोसेसर तुमच्या बजेटमध्ये कधी येणार?

घोषणा झाली म्हणजे मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात माल आला असं नसतं. नवी चिप आधी लाखाच्या आसपासच्या आणि त्यावरच्या मॉडेलमध्ये येते, मग महिन्यांनी खाली झिरपते. पन्नास-साठ हजारांच्या लॅपटॉपमध्ये दीड-दोन वर्षं जुनी रचनाच असते, आणि त्यात वाईट काही नाही. या बजेटच्या माणसाने जानेवारीच्या घोषणेसाठी थांबणं म्हणजे दुसऱ्याच्या लग्नासाठी आपली सुट्टी घालवणं.

५. थांबण्याची किंमत मोजा

पूर्वी थांबलं की किमती उतरायच्या, हे खरं होतं. २०२५ च्या उत्तरार्धापासून हे गणित उलटलं आहे. एआय डेटा सेंटरना मेमरी हवी, तिथे नफा जास्त, म्हणून सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन यांनी उत्पादन तिकडे वळवलं. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करायचं जाहीर केलं. रॅम महागली आणि त्यापाठोपाठ लॅपटॉपही. अशा वेळी १६ जीबीचं चांगलं मॉडेल जुन्या स्टॉकच्या भावात दिसलं, तर मी तिथे रेंगाळणार नाही. ‘आत्ता ८ घे, नंतर वाढव’ हे तर कानामागे टाका. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते. स्लॉट असला, तरी वाढीव रॅम कोणत्या भावाने मिळेल याचा भरवसा नाही.

६. कधी थांबावं

तीनच वेळा. पहिली, मॅकबुक एअर. ॲपलच्या एम३ चिपचं एअर मार्च २०२४ मध्ये १,१४,९०० रुपयांपासून होतं, ८ जीबी रॅमसह. मार्च २०२५ मध्ये एम४ चं आलं ते ९९,९०० पासून, १६ जीबीसह. जानेवारी-फेब्रुवारीत पूर्ण भावाने एअर घेऊ बघणाऱ्याला मी अडवतो. नवं घ्यायचं नसलं, तरी जुन्याचा भाव पडतो.

दुसरी, तुमच्याच बजेटमधलं मॉडेल भारतातल्या किमतीसह आणि विक्रीच्या तारखेसह जाहीर झालंय, आणि ती तारीख महिना-सव्वा महिन्यावर आहे. ‘लवकरच’ ही तारीख नव्हे. लीकवाल्या यूट्यूबरचा अंदाज तर नाहीच नाही.

तिसरी, दिवाळीआधीचे किंवा प्रजासत्ताक दिनाचे सेल जवळ आलेत आणि तुमचं काम अडलेलं नाही. इथे तुम्ही प्रोसेसरसाठी थांबत नाही, भावासाठी थांबता. आजचा भाव स्क्रीनशॉट काढून ठेवा, म्हणजे सेलमधली ‘४० टक्के सूट’ कशावरून मोजली ते कळेल.

स्नॅपड्रॅगनच्या विंडोज लॅपटॉपसाठी थांबलेल्यांना वेगळं सांगतो: बॅटरी झकास, पण ती एआरएम चिप आहे, म्हणजे इंटेल-एएमडीपेक्षा वेगळ्या जातीची. जुना प्रिंटर, डोंगल, डिजिटल सहीचं टोकन, या सगळ्यांना एआरएमसाठी लिहिलेला ड्रायव्हर, म्हणजे ती वस्तू लॅपटॉपवर चालवणारा प्रोग्रॅम, लागतो. तो आहे का, हे त्या वस्तूच्या कंपनीला आधी विचारा.

७. घेताना

बिलावर प्रोसेसरचा पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या, नुसतं ‘आय५’ किंवा ‘रायझेन ५’ चालवून घेऊ नका. घरी आल्यावर पहिल्याच दिवशी सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग अबाउट उघडून तो नंबर आणि रॅम जुळवून बघा. जुळत नसेल, तर परत करायची मुदत उलटायच्या आत बिल घेऊन दुकानात जा. ऑनलाइन मागवला असेल तर खोका उघडतानाचा व्हिडिओ काढा आणि खोका महिनाभर तरी माळ्यावर जपून ठेवा.