कान नसलेल्या फ्रेमला बॅशगार्ड : पाना हातात घेण्याआधी

पाऊस गेला, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या वाटा सुकल्या, की सायकली बाहेर निघतात आणि चेनरिंगचे (पेडलजवळच्या दातेरी चकतीचे) दात जायला लागतात. आपल्याकडचा जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, पण उघड्यावर पडला की टणक होत जातो. जुन्या पायवाटेवरची चिऱ्याची पायरी किंवा ढासळलेला गडगा ओलांडताना पुढचं चाक पलीकडे उतरतं आणि सायकलचं सगळं वजन, आपल्यासकट, खालच्या तीन-चार दातांवर येतं. दात वाकला की चेन उडी मारते, आणि वाळपईच्या पुढे कुठंतरी सायकल ढकलत परतावं लागतं. म्हणून दातांना दगडापासून वाचवणारी गोल चकती, म्हणजे बॅशगार्ड, हवाच. अडचण इतकीच की आपल्यातल्या बहुतेकांच्या फ्रेमला बीबीभोवती (पेडलच्या दांड्यांमधल्या बेअरिंगच्या जागेभोवती) गार्ड बसवायचे ते तीन भोकांचे कान, म्हणजे आयएससीजी टॅब, नसतात. ते दणकट उतारसायकलींना असतात. कान नाहीत म्हणून अडून बसू नका. गार्ड क्रँकवरही, म्हणजे पेडल ज्याला लागतं त्या दांड्यावरही, बसतो.

ऑनलाइन काही मागवण्याआधी सायकल उलटी करून क्रँक बघा. चेनरिंगा बोल्टनं आवळलेल्या आहेत की रिव्हेटनं ठोकलेल्या? मागून चपटी, कसलीच खाच नसलेली डोकी दिसली तर त्या रिव्हेट आहेत, आणि त्या क्रँकवर गार्ड बसत नाही. स्वस्तातल्या गिअरच्या सायकलींवर हेच असतं. वरून एक प्लास्टिकची चकती स्क्रूनं लावलेली असते, पण ती पँट वाचवायला. दगडापुढे तिचा टिकाव लागत नाही. रिव्हेट ग्राइंडरनं उडवून बोल्ट टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. बोल्टनं रिंगा जोडलेला क्रँकसेटच घ्या, फक्त बीबीचा एक्सल चौकोनी आहे की पोकळ जाड नळीचा आणि लांबी किती, हे टिपून दुकानात जा.

बोल्ट असतील तर मोजपट्टी घ्या. चार बोल्ट असल्यास शेजारशेजारच्या दोन बोल्टांच्या मध्यांमधलं अंतर मोजा. साडेत्र्याहत्तर मिलिमीटरच्या आसपास भरलं तर बोल्टवर्तुळ, म्हणजे सगळ्या बोल्टांच्या मध्यांतून जाणारं वर्तुळ, 104 मिलिमीटर व्यासाचं. माउंटन बाइकसाठी सर्वांत सहज मिळणारे गार्ड याच मापाचे. पाच बोल्ट आणि अंतर 65च्या जवळ असेल तर 110चं वर्तुळ. चारही अंतरं एकसारखी भरली नाहीत तर क्रँक असममित आहे, त्याला त्याच घडणीचा गार्ड शोधावा लागेल. आणि बोल्टच दिसत नाहीत, चेनरिंग थेट क्रँकच्या मुळाशी बसते, अशी नवी एकरिंगी सायकल असेल तर गार्ड त्या विशिष्ट रिंगसाठीच घ्यावा लागतो.

मग आकार. तीन रिंगांच्या क्रँकवर सर्वांत मोठी रिंग काढायची आणि तिच्या जागी गार्ड बसवायचा, मधली 32 दातांची रिंग आत राहते. 32 दातांचा व्यास साधारण 130 मिलिमीटर, आणि वर चेन चढली की 138 पर्यंत जातो. गार्डचा व्यास त्याहून मोठा हवा, पण उगाच मोठा नको. जितका मोठा, तितका आधी दगडाला लागणार. 145 ते 150 ठीक.

पैसे वाचवायचे असतील तर काढलेली मोठी रिंगच वापरता येते. 42 दातांच्या जाडजूड रिंगचे दात लेथवर उतरवून घेतले की गार्ड तयार. लेथवाल्याला 150चा व्यास सांगा आणि कड गोल करायला सांगा, धारदार कडेनं पोटरी कापते. पत्र्यासारख्या पातळ रिंगवर हा खर्च करू नका. विकतच्या गार्डमध्ये निवड ॲल्युमिनियम की पॉलिकार्बोनेट एवढीच. माझं मत पॉलिकार्बोनेटला: खडबडीत जांभ्यावर ॲल्युमिनियम रुततं, हे घसरतं. चरे पडतील, पडू द्या.

आता बोल्ट, कारण काम अडतं ते इथं. गार्डची जाडी जुन्या रिंगइतकी असेलच असं नाही, म्हणून जुने बोल्ट चालतील हे गृहीत धरू नका. गार्ड, स्पायडरचा (क्रँकच्या रिंगा धरणाऱ्या भागाचा) हात आणि मधली रिंग एकत्र धरून पुढून बोल्ट, मागून नळीसारखा नट घाला आणि फक्त बोटांनी फिरवा. दोनच आटे पकडून सुटत असेल तर बोल्ट आखूड. उलट, पाना कच्चकन थांबला, घट्ट झाल्यासारखं वाटलं, पण रिंग हातानं हलवली तर खटखटतेय, तर बोल्ट लांब आहे. नट आणि बोल्ट एकमेकांना आतच भिडलेत, रिंगला कुणी दाबलेलंच नाही. अशा वेळी पातळ वायसर किंवा आखूड संच. म्हणून वेगळ्या लांबीचा एक संच आधीच मागवून ठेवा. म्हापशाच्या बाजारात नेहमीचे नटबोल्ट हवे तेवढे मिळतील, चेनरिंगचे मिळण्याची आशा धरू नका. समुद्राची हवा लक्षात घेऊन स्टीलच्या बोल्टांना ग्रीस लावल्याशिवाय घालू नका, नाहीतर ते ॲल्युमिनियमच्या स्पायडरमध्ये कायमचे वस्तीला राहतात.

बीबीच्या कपाखाली दाबून बसवायची एक पट्टीही मिळते, तिच्यावर कान असतात आणि कानांवर गार्ड. कागदावर ही युक्ती छान, कारण धक्का क्रँकऐवजी फ्रेमला जातो. पण पट्टी फक्त आट्यांच्या बीबीला चालते, ठोकून बसवायच्या बीबीला तिथं जागाच नाही. 73 मिलिमीटर रुंदीच्या शेलवर (फ्रेमच्या ज्या नळीत बीबी बसते तिच्यावर), एक्सल पोकळ नळीचा असेल तर, उजवीकडे अडीच मिलिमीटरचा एक स्पेसर असतो, पट्टी त्याच्या जागी जाते, म्हणून तिची जाडी तेवढीच हवी. आणि जोराचा फटका बसला की ती गोल फिरते. काजूच्या बागेतल्या वाटांसाठी हा खटाटोप मला नको वाटतो. क्रँकवरच्या गार्डचा धक्का बीबीला जातो हे खरं, पण बीबी बदलता येते.

हत्यारं एका फडक्यावर मांडून घ्या: 5 आणि 8 मिलिमीटरची ॲलन की, मागचे नट धरायचा दोन दातांचा पाना, पेडलचा 15 नंबरचा पाना, आणि क्रँक चौकोनी एक्सलचा असेल तर क्रँक ओढून काढायचा क्रँकपुलर. पुलर आट्यांत पूर्ण बसल्याशिवाय जोर लावू नका, अर्धवट बसला तर क्रँकचे आटे सोलून निघतात. बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी थोडे थोडे आवळा. ॲल्युमिनियमच्या बोल्टांना 8 ते 10 न्यूटन-मीटर पुरे. पॉलिकार्बोनेट गार्ड असेल तर आटे धरून ठेवणारं निळं द्रव त्याच्याजवळ नको, पेट्रोल किंवा थिनरनं पुसणंही नको. दोन्हीनं प्लास्टिकला बारीक तडे जातात. साबणाचं पाणी चालतं.

पुढचा डिरेलर (चेन एका रिंगवरून दुसरीवर ढकलणारा भाग) असेल तर त्याचा ‘एच’ लिहिलेला स्क्रू आत फिरवून ठेवायचा आहे, नाहीतर गिअर बदलताना चेन गार्डवर चढून बसेल. त्यासाठी बारीक फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर यादीत घाला. मोठी रिंग गेल्यानं चेन सैल पडते, म्हणून चेनतोड्या आणि जोडकडीही जवळ असू द्या. डिरेलरचा पिंजरा खाली घ्यावासा वाटेल, पण तो गार्डला घासता कामा नये; दोन-तीन मिलिमीटरची फट दिसली पाहिजे. पहिल्या फेरीला 5ची ॲलन की खिशात ठेवा आणि घरी आल्यावर धुण्याआधी चारही बोल्ट पुन्हा तपासा, एखादा तरी पाव फेरा आवळला जातोच.