पक्षकाराचं गुपित ठेवायचं तर: जॉप्लिन मी असं लावलं

मी कराडला वकिली करते. बहुतेक कामं घरगुती हिंसाचार, पोटगी आणि मुलांच्या ताब्याची. समोर बसलेली बाई पहिल्या तासाभरात जे सांगते, ते तिनं सख्ख्या बहिणीलाही सांगितलेलं नसतं. तीन वर्षांपूर्वी माझा मोबाइल दुरुस्तीला टाकला. दुकानदारानं पॅटर्न मागितला आणि घाईत मी तो सांगितला. संध्याकाळी आठवलं की नोंदींच्या अ‍ॅपला कुलूप नव्हतं, आणि त्यात एका पक्षकार बाईचा माहेरचा तो पत्ता होता, जो नवऱ्याला कळू नये म्हणून आम्ही अर्जातही घातला नव्हता. सुदैवानं काही घडलं नाही. तरी मी तिला फोन करून खरं ते सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. त्याच आठवड्यात मी ही मांडणी सुरू केली.

जॉप्लिन हे नोंदी ठेवायचं अ‍ॅप. ते मुक्तस्रोत आहे, म्हणजे त्याचा कोड कुणालाही पाहता येतो, फुकट आहे आणि वापरायला खातं उघडावं लागत नाही. नोंदी मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या मजकुरात, आपल्याच यंत्रावर राहतात. कोर्टाच्या जुन्या इमारतीत रेंज नसतानाही उघडतात. विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड, आयफोन, सगळीकडे चालतं. टाकायला पाच मिनिटं लागतात, त्यावर जास्त लिहीत नाही.

वेळ द्यायचा तो एन्क्रिप्शनला, म्हणजे पासवर्डाशिवाय मजकूर वाचता येऊ नये असं कुलूप लावायला, आणि तेही पहिली खरी नोंद लिहिण्याआधी. आधी उघड्या नोंदी क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या साठवणीत, चढवल्या आणि मग कुलूप लावलं, तर क्लाउडवाल्याकडे जुन्या उघड्या आवृत्त्या काही दिवस पडून राहू शकतात. म्हणून क्रम असा ठेवा. संगणकावर जॉप्लिन उघडा, एकच फालतू नोंद लिहा, ‘भाजी आणायची’ अशी. टूल्समधल्या ऑप्शन्समध्ये जाऊन सिंक्रोनायझेशनला (सगळ्या यंत्रांवरच्या नोंदी सारख्या ठेवायची सोय, थोडक्यात सिंक) ड्रॉपबॉक्स ही क्लाउड सेवा निवडा. वनड्राइव्ह, नेक्स्टक्लाउड किंवा वेबडॅवही चालेल. सिंक करा. मग ब्राउझरमधून ड्रॉपबॉक्सच्या अ‍ॅप्स फोल्डरातलं जॉप्लिन उघडा. तिथल्या लांबलचक नावाच्या फायलीत ‘भाजी आणायची’ सरळ वाचता येईल. हे एकदा डोळ्यांनी पाहाच.

आता ऑप्शन्समध्ये एन्क्रिप्शन उघडून ते चालू करा आणि मास्टर पासवर्ड द्या. मी एकमेकांशी संबंध नसलेले सहा मराठी शब्द रोमन लिपीत सलग टाइप करते. ही लांबी सुरुवातीला जाच वाटते, बोटांना मग सवय होते. पुन्हा सिंक करा, पूर्ण होईपर्यंत थांबा आणि तीच फाइल परत उघडा. आता अगम्य अक्षरांची रांग दिसेल. शीर्षकही झाकलं जातं. नोंद शेवटची कधी बदलली ती वेळ मात्र उघडी राहते, हे ध्यानात ठेवा.

यानंतरच मोबाइलवर जॉप्लिन टाका, तेच ड्रॉपबॉक्स जोडा आणि सिंक करा. ते पासवर्ड मागेल, तोच द्या. मोबाइलवर एन्क्रिप्शन वेगळं चालू करू नका, नाहीतर दोन किल्ल्या तयार होऊन गोंधळ होतो. पासवर्ड कागदावर लिहून मी पाकिटात बंद केलाय, पाकीट घरच्या कपाटात. तो हरवला तर क्लाउडवरचं काहीच परत वाचता येणार नाही; कुणाकडे विनंतीअर्ज करायची सोय नाही.

आता माझ्या चुकीकडे येते. हे एन्क्रिप्शन वाटेतल्या आणि क्लाउडवरच्या नोंदींचं. तुमच्या यंत्रावर त्या उघड्याच असतात. म्हणजे नुसतं एवढं करून मी तो मोबाइल पॅटर्नसकट दुकानात दिला असता, तरी पत्ता दिसलाच असता. म्हणून मोबाइलवरच्या जॉप्लिनच्या सेटिंगमध्ये बोटाच्या ठशाचं कुलूप लावा. लॅपटॉपची अख्खी डिस्क एन्क्रिप्ट करा: विंडोजवर बिटलॉकर, मॅकवर फाइलव्हॉल्ट, लिनक्स टाकतानाच तो पर्याय येतो. आणि मोबाइल दुरुस्तीला देताना जॉप्लिन काढून टाका. आधी सिंक पूर्ण झालंय ना ते बघा. परत आल्यावर टाकलं की सगळ्या नोंदी उतरतात. प्लगिन, म्हणजे इतरांनी बनवलेल्या जोडसोयी, मी लावत नाही, कारण ते तुमच्या सगळ्या नोंदी वाचू शकतात.

इतकं करूनही पक्षकाराचं नाव मी लिहीत नाही. कार्यालयाच्या फायलीचा क्रमांक तेवढा लिहिते.

कायद्याच्या ज्ञानाच्या नोंदींसाठी जॉप्लिनमध्येच वेगळी नोटबुक आहे, आणि तिनं मला १ जुलै २०२४ नंतर तारलं. त्या दिवशी नवे फौजदारी कायदे लागू झाले, पण जुनी प्रकरणं जुन्याच कलमांनी चालू राहिली. त्यामुळे दोन्ही आकडे डोक्यात लागतात. मी प्रत्येक जुन्या कलमाची एक नोंद केली, नव्याची एक. विवाहितेच्या छळाचं कलम: भारतीय दंड विधानाचं (भादंवि) ४९८-अ आणि नव्या न्याय संहितेचं ८५ व ८६. पोटगीचं: फौजदारी प्रक्रिया संहितेचं १२५ आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं १४४. इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं: जुन्या पुराव्याच्या कायद्यातलं ६५-ब आणि नव्या साक्ष्य अधिनियमातलं ६३. नोंदीवर उजवं क्लिक करून मार्कडाउन लिंक कॉपी करायची आणि दुसरीत चिकटवायची. दुवा एकाच बाजूनं जातो, म्हणून मी दोन्हीकडे टाकते. पोटगीच्या नोंदीतून सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या ‘रजनेश विरुद्ध नेहा’ निकालाकडे दुवा आहे. दोन्ही बाजूंनी मिळकतीचं प्रतिज्ञापत्र द्यायचं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची, हे त्यातले मुद्दे पुकारा व्हायच्या आत काढता येतात.

शोधताना कंट्रोल आणि पी दाबून शीर्षकाचे दोनचार शब्द टाइप करते. अंकांचं एक ठरवून टाका. देवनागरीतला १४४ आणि इंग्रजी अंकांतला तोच आकडा शोधताना दोन वेगळे शब्द धरले जातात. मी नोंदींमध्ये सगळीकडे इंग्रजी अंक ठेवले.

दर शनिवारी फाइल मेनूतून सगळ्या नोंदी जेक्स (JEX, जॉप्लिनचंच फाइल-स्वरूप) स्वरूपात बाहेर काढून पेनड्राइव्हवर ठेवते. ती फाइल एन्क्रिप्ट नसते, म्हणून पेनड्राइव्ह एन्क्रिप्ट केलेला हवा.

प्रकरण संपून अपिलाची मुदत गेली की त्या फायलीच्या नोंदींचं काय, हा प्रश्न मी आता प्रत्येक पक्षकाराला विचारते. पुसायचं ठरलं तर नोंद काढून कचरापेटीही रिकामी करा आणि सगळ्या यंत्रांवर सिंक करा. जॉप्लिन नोंदींच्या जुन्या आवृत्त्या ९० दिवस सांभाळतं, तेवढे दिवस ती इतिहासात राहू शकते. सेटिंगमध्ये ही मुदत कमी करता येते. जुन्या जेक्स फायलीही विसरू नका. त्या माहेरच्या पत्त्याची नोंद मी मागच्या महिन्यात पुसली. आधी तिला फोन केला, तिनं ‘हो’ म्हटल्यावर फोन चालू असतानाच पुसली.