पाप घडल्यावर देवाकडे परत वळताना

आधी पापाचे नाव घ्या. ‘माझे चुकले’ एवढे मोघम नको. खोटे बोललो असू, तर ‘खोटे बोललो’ असेच प्रार्थनेत म्हणा. शब्द सुचत नसतील, तर बायबलमधील स्तोत्र ५१, म्हणजे पश्चात्तापाची प्रार्थना, सावकाश मोठ्याने वाचा. मग बायबलमधीलच योहानाच्या पहिल्या पत्रातील १:९ हे वचन वाचा: क्षमेचा आधार आपले रडणे नाही, देवाचा विश्वासूपणा आहे.

बहुतेक जण अडतात ते इथे: ‘थोडा सुधारतो, मग प्रार्थना करतो.’ पण बायबलमधील इब्री लोकांस पत्र ४:१६ गरजेच्या वेळीच देवाच्या कृपेच्या राजासनाजवळ बोलावते. शिष्य पेत्राने ‘मी येशूला ओळखत नाही’ असे म्हणून येशूला नाकारण्याआधीच येशूने पेत्रासाठी देवाकडे विनंती केली होती (लूक २२:३२). केवढा दिलासा आहे हा!

ज्याचे नुकसान केले, त्याची भरपाई त्याच आठवड्यात करा. तेच पाप पुन्हापुन्हा होत असेल, तर मंडळीच्या (चर्चच्या) विश्वासू पाळकाशी, म्हणजे धर्मगुरूशी, बोला.