मायनर लीगचे खेळाडू जोखताना या चुका टाळा

बेसबॉलच्या एखाद्या संघाची पुढची फळी, म्हणजे सर्वोच्च अशा मेजर लीगच्या खाली मायनर लीगमध्ये तयार होणारे खेळाडू, कशी आहे हे बघायचं म्हटलं की बरेच जण बॅटिंग ॲव्हरेज (संधींपैकी किती वेळा यशस्वी फटका बसला ते; .२८० म्हणजे हजारात २८०) आणि होतकरू खेळाडूंची ‘टॉप १००’ यादी एवढंच उघडतात आणि निकाल देऊन मोकळे होतात. या घाईत काय काय निसटतं ते समजून घ्यायला कॅन्सस सिटी रॉयल्सचा २०११चा संच अजूनही फार उपयोगी आहे. त्या वर्षी ‘बेसबॉल अमेरिका’ या नियतकालिकाच्या पहिल्या शंभरात या एकट्या संघाचे नऊ खेळाडू होते. चार वर्षांनी रॉयल्स वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची अंतिम मालिका, जिंकले, पण यादी वाचून जसं वाटलं होतं तसे नाही.

वय न बघता आकडे वाचणं

मायनर लीगमध्ये सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए अशा चढत्या पायऱ्या आहेत. वीस वर्षांचा पोरगा डबल-एमध्ये .२८० मारतो आणि पंचविशीतला तिथेच .३२० मारतो, तर माझं मत पहिल्याला. रणजीत अठराव्या वर्षी काढलेलं शतक आणि तिशीत काढलेलं शतक आपण कुठे एका मापाने मोजतो?

मैदान विसरणं

ही चूक जाणकारांकडूनही होते. रॉयल्सचा माइक मुस्टाकास २००७च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) दुसऱ्याच क्रमांकावर निवडलेला. २००९ मध्ये तो डेलावेअरमधल्या विल्मिंग्टनला, हाय-एमध्ये खेळत होता. ते मैदान पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) बाजूचं म्हणूनच ओळखलं जाई. तिथे त्याचं ॲव्हरेज .२५०, होमर (कुंपणापार गेलेले फटके) १६. लगेच ‘हा चालत नाही’ अशी कुजबुज सुरू झाली. पुढच्याच मोसमात नॉर्थवेस्ट अर्कान्सा आणि ओमाहा या वरच्या पायऱ्यांवरच्या संघांकडून मिळून त्याने ३६ होमर ठोकले.

पण त्या ३६ वरही लगेच भाळायचं नाही. त्यातले १५ ओमाहाकडून, ट्रिपल-एच्या पॅसिफिक कोस्ट लीगमध्ये मारलेले. त्या लीगमधलं अल्बुकर्कीसारखं मैदान समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरहून उंचावर आहे. तिथल्या विरळ हवेत चेंडू लांब जातो. २०११ मध्ये मुस्टाकास वर, म्हणजे मेजर लीगच्या संघात आला तेव्हा ८९ सामन्यांत त्याचे होमर झाले पाच. म्हणून घरच्या मैदानावरचे आणि बाहेरचे आकडे वेगळे काढा, आणि त्यांच्याआधी स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद होणं) आणि वॉक (चार वाईट चेंडूंवर फुकट मिळणारा पहिला बेस) बघा. त्यांच्यावर कुंपणाचा आणि हवेचा परिणाम सगळ्यात कमी होतो.

२०१४च्या मे महिन्यात मुस्टाकासला पुन्हा ओमाहाला धाडलं होतं. त्याच वर्षीच्या प्लेऑफमध्ये त्याने पाच होमर मारले. वरच्या पातळीवर स्थिरावायला तीन-चार वर्षं लागली म्हणजे खेळाडू फसला असं होत नाही.

पडत्या मोसमाचं कारण न शोधणं

रॉयल्सच्याच एरिक हॉस्मरचं २००९चं ॲव्हरेज .२४१. दोष त्याच्या नजरेत निघाला. डोळ्यांवर लेझर शस्त्रक्रिया झाली आणि २०१० मध्ये .३३८, वर २० होमर. आकडे अचानक घसरले की आधी दुखापतीच्या बातम्या शोधा, मग खेळाडूवर फुली मारा.

पिचर आणि फलंदाज एकाच तराजूत घालणं

त्या नऊ जणांत पाच पिचर होते. जॉन लॅमच्या कोपराच्या लिगामेंटवर २०११ मध्येच शस्त्रक्रिया झाली, डॅनी डफीवर २०१२ मध्ये. ख्रिस ड्वायर मेजर लीगमध्ये जेमतेम दिसला. एका दर्जाचे पिचर आणि फलंदाज समोर असतील तर मी फलंदाज धरतो.

विकलेला खेळाडू वाया गेला असं समजणं

डिसेंबर २०१२ मध्ये रॉयल्सनी विल मायर्स, जेक ओडोरिझी आणि माइक माँटगोमरी टँपा बे या दुसऱ्या संघाला दिले. बदल्यात मुख्यतः जेम्स शील्ड्स आणि वेड डेव्हिस घेतले. २०१३ मध्ये मायर्स ‘रूकी ऑफ द इयर’ (वर्षाचा सर्वोत्तम नवोदित) झाला आणि रॉयल्सवर टीकेचा भडिमार झाला. पण २०१५ मध्ये शेवटचा बळी घेऊन वर्ल्ड सिरीज संपवली ती डेव्हिसनेच. त्याच वर्षी जुलैमध्ये लॅमला आणखी दोघांसोबत देऊन जॉनी क्वेटो आणला, आणि त्याने सिरीजचा दुसरा सामना एकट्याने पूर्ण टाकून जिंकला. फार्म सिस्टीम (संघाची मायनर लीगमधली सगळी फळी) ही खेळाडूंची खाण आहे तशी सौद्याची पुंजीही आहे.

शंभराच्या बाहेर न बघणं

२०१५च्या वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू साल्वाडोर पेरेझ त्या नऊ जणांत नव्हता. व्हेनेझुएलातून सोळाव्या वर्षी घेतलेला हा कॅचर, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा. पिचरला सांभाळणं, जमिनीवर आपटलेला चेंडू अंगावर घेऊन अडवणं, दुसऱ्या बेसवर फेकणं, यातलं फार थोडं आकड्यांत उतरतं. रिलीफ पिचरचंही (सुरुवातीच्या पिचरच्या जागी मध्येच येणाऱ्याचंही) तेच: पुढे संघाचा क्लोजर, म्हणजे सामना संपवायला येणारा पिचर, झालेला ग्रेग हॉलंड दहाव्या फेरीत निवडलेला. कुठल्याही संघाची यादी उघडली की तळाशी असलेले कॅचर आणि रिलीफ पिचर नावानिशी टिपून ठेवा आणि त्यांचे सामने प्रत्यक्ष बघा.